धावपट्टीवरचं खळं

ज्या वाक्याबद्दल मला लिहायचं आहे ते बाबांनी सांगितलेलं नव्हतं. ते मी माझ्या मनाने घातलं होतं.

नवं राज्य होऊन दोनेक वर्षं झाली होती. अकोल्याबाहेर दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बांधलेली विमानाची धावपट्टी होती. डांबर जागोजाग उखडलेलं, विमान येणं केव्हाच बंद झालेलं. ती सरकारने पुन्हा बांधून द्यावी म्हणून शहरातल्या काही वकील, डॉक्टर, व्यापारी मंडळींनी समिती केली. बाबा वकील, तेव्हा चिटणीस तेच झाले. त्यांची तळमळ खरी होती. "सगळं मुंबई-पुण्याले, उरलंसुरलं नागपूरले," असं ते जेवताना म्हणत. "मधातल्यांनी काय नुसता कापूस पाठवत राहायचं?"

अर्ज दिल्लीला जायचा, म्हणून इंग्रजीत हवा होता. बाबांना इंग्रजी येत होतं, पण कोर्टातलं. "माझं वाचून त्या लोकांना खरेदीखत वाटेल," ते म्हणाले. "तू लिही बेटा. इतकी वर्षं इंग्रजी शाळेत घातलं ते कशासाठी?" चार माणसांत माझ्या तोंडून शब्द फुटत नसे, पण कागदावर मी धीट होते. बाबा मराठीत मुद्दे सांगायचे आणि मी ते इंग्रजीत मांडायची. जमिनीबद्दल त्यांनी एवढंच सांगितलं होतं की ती सरकारचीच आहे, नव्याने घ्यावी लागणार नाही. तो परिच्छेद मला तोकडा वाटला. मी एक वाक्य जोडलं: ही जमीन वर्षानुवर्षं ओसाड असून कुणाच्याही वापरात नाही. इंग्रजीत ते फार डौलदार झालं होतं. मी दोनदा मोठ्याने वाचून पाहिलं. धावपट्टी तोवर मी पाहिलेलीही नव्हती.

पाहिली ती पुढच्या माघात, पाहणीसाठी दिल्लीहून साहेब आले तेव्हा. ते दक्षिणेकडचे होते. मराठीचा गंध नाही, हिंदीही जेमतेम. म्हणून बाबांनी मला जीपमध्ये बसवून नेलं.

उतरल्याबरोबर मला दिसलं ते खळं. धावपट्टीच्या एका टोकाला, डांबर अजून धड होतं तिथे, ज्वारीची कणसं पसरली होती आणि दोन बैल त्यावरून गोल फिरत होते. एक बाई त्यांच्यामागे चालत होती. बाजूला मळून झालेल्या ज्वारीची रास होती. जमीन स्वच्छ झाडलेली होती. ती वापरात नाही असं कुणी आंधळ्यानेही म्हटलं नसतं.

बाबा आणि बाकीची मंडळी इंजिनीयरबरोबर लांबी मोजत पुढे गेली. साहेब माझ्याजवळ थांबले. अर्ज त्यांच्या हातात होता. हा कुणी लिहिला, त्यांनी विचारलं. मी, म्हणाले. फार सुरेख इंग्रजी आहे, ते म्हणाले. माझे कान गरम झाले. तेवढ्यात ती बाई बैल थांबवून आमच्याकडे आली.

"बाई, तुमी याईच्या संगं आल्या ना? मंग सांगा याईले," ती मला म्हणाली. "इथं तारा ठोकून राहिले म्हने. ठोका, आमचं काई म्हननं नाई. सरकारची जागा हाये. पन या बाजूनं एक फाटक ठेवा म्हना. सुगीचा मयना-दीड मयना उघडं ठेवलं तं बस."

मी साहेबांच्या हातातल्या अर्जाकडे पाहिलं. तिला वाटलं मला कळलं नाही.

"पाहा, आमची जमीन काळी. तिले ह्या एवढाल्या भेगा. दाना पडला का गेला. गावात ज्याईचे खळे हायेत ते आमाले पाय ठेवू देत नाईत. आमी बुद्धाचे झालो, गावची कामं सोडली, तवापासून. इथं कोनाले विचारा लागत नाई. दुसरी जागा नाई आमाले."

साहेबांनी विचारलं, काय म्हणते आहे ही?

त्यांच्या हातातल्या कागदावर माझं वाक्य होतं. बाईचं म्हणणं सांगितलं तर ते वाक्य खोटं ठरणार होतं, आणि ते माझंच आहे हे त्यांना नुकतंच कळलं होतं. मी इंग्रजीत म्हणाले, विमान कधी येणार असं विचारते आहे.

साहेब हसले. तिच्याकडे पाहून त्यांनी मान डोलावली, लवकरच, अशा अर्थाने हात वर केला. तीही हसली.

"सांगतलं ना?" तिने मला विचारलं.

मी हो म्हणून मान हलवली. खोटं बोलले त्यापेक्षा ही मान हलवल्याची मला अधिक लाज वाटते.

वर्ष सरायच्या आत मंजुरी आली. पहिल्या टप्प्यात कुंपण आणि पाटी. बाबांनी पेढे वाटले. दुसरा टप्पा आलाच नाही. निधी दुसरीकडे वळला म्हणतात. कुठे, ते बाबांनाही नीट कळलं नाही.

कुंपण झालं तोवर मी अमरावतीला आत्याकडे राहून कॉलेजात शिकत होते. माघात घरी येऊन परत जाताना, शहर सोडल्यावर थोड्याच वेळात बस एकदम हळू झाली. समोर रस्ताभर ज्वारीची कणसं पसरलेली होती. येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांच्या चाकांखाली मळणी होत होती. मधोमध तीच बाई उभी होती. डाव्या हाताला काटेरी तारा होत्या, आणि तारांच्या आत, जिथे खळं होतं, तिथे कमरेएवढं गवत.

"ओ बाई, रस्ता काय तुया बापाचा हाये?" ड्रायव्हर ओरडला.

"मंग कोनाच्या बापाचा हाये, सांग. त्याईलेच इचारतो," ती म्हणाली. बस हसली. ती खराटा घेऊन कडेला झाली आणि चाकांखालून उडालेले दाणे धुळीतून गोळा करू लागली. मग तिने वर पाहिलं. मी खिडकीतच होते.

"बाई तुमी!" ती जवळ आली. "पाहा, त्या सायबानं काई आयकलं नाई. तुमी तं बिचारीनं सांगतलं होतं."

बस चालू होती. दोन शब्द बोलण्याएवढा वेळ होता. मी काही बोलले नाही. शेजारच्या बाईंनी ओळखीची का म्हणून विचारलं, तेव्हा नाही म्हणाले.

पुढच्या सुट्टीत मी बाबांना सगळं सांगितलं. साहेबांना काय म्हणाले, तेसुद्धा.  त्यांनी फाइल काढून अर्ज वाचला आणि त्या वाक्यावर बोट ठेवलं. "हे मी सांगितलं नव्हतं."

"मी घातलं."

"मी सही करताना वाचलं होतं," ते म्हणाले. "चांगलं वाटलं. म्हणून राहू दिलं."

त्या दुपारी आम्ही दोघांनी मिळून फाटकासाठी दुसरा अर्ज केला. या वेळी मी साधं लिहिलं. तिथे कोण मळणी करतं आणि त्यांना दुसरी जागा का नाही, एवढंच. तीन महिन्यांनी उत्तर आलं. समितीच्याच मूळ अर्जानुसार सदर जमीन वर्षानुवर्षं ओसाड असून कुणाच्याही वापरात नाही, सबब फाटकाचं प्रयोजन दिसत नाही. माझं वाक्य त्यांनी जसंच्या तसं उतरवलं होतं. एक स्वल्पविरामही इकडचा तिकडे नाही.

ते उत्तर घेऊन मला तिच्याकडे जायला हवं होतं. कुणामुळे फाटक मिळालं नाही, हे तिला कळायला हवं. बाबा म्हणाले, मी येतो बरोबर. मी म्हटलं, पुढच्या सुट्टीत जाऊ. त्यानंतर दोन सुट्ट्या झाल्या. पत्र माझ्या ट्रंकेत आहे आणि माघात मी अकोल्याला जाणं टाळते.