उजव्या चाकाचा नवा ड्रम

सेवेतली गाजलेली प्रकरणं आता पुसट झाली आहेत. पण चंडीगडमधल्या एका जुन्या ट्रकचं प्रकरण मला आजही तपशीलवार आठवतं.

सत्तरच्या दशकाची सुरुवात होती. पंजाब केडर मिळालेला मी साताऱ्याचा तरुण अधिकारी. इंडस्ट्रियल एरियाचं ठाणं माझ्या देखरेखीखाली होतं. एका सकाळी नऊच्या सुमाराला डेराबस्सीहून लोखंडी सळ्या घेऊन आलेला ट्रक ब्रेक मारताच डावीकडे ओढला गेला आणि सायकलवरून कारखान्यात निघालेल्या एका कामगाराचा पाय मोडला. ट्रकचालक साठीकडे झुकलेला सरदारजी होता. तो पळाला नाही. जखमीला त्यानंच रुग्णालयात पोचवलं आणि मग स्वतःहून ठाण्यात येऊन बसला.

त्याचं म्हणणं एवढंच, की ब्रेक मारला पण पुढचं उजवं चाक थांबलं नाही. दुसऱ्या दिवशी मोटार वाहन निरीक्षकानं ठाण्याच्या आवारात ट्रक फिरवून पाहिला आणि ब्रेक ठीक असल्याचा अहवाल दिला. गाडी धडधाकट आहे, म्हाताऱ्याची नजर गेली आहे, असा जबाब मालकानं लिहून दिला. जामीन राहायला तो पुढे आला नाही. सरदारजीला दुसरं कुणी नव्हतं. परवाना गेला असता तर त्या वयात त्यानं करायचं काय? तरीही मी अहवालावर भिस्त ठेवून दोषारोपपत्राच्या तयारीला लागलो होतो, हे कबूल केलं पाहिजे.

सुगावा लागला तो खुद्द जखमीकडून. जबाब घ्यायला मी रुग्णालयात गेलो, तेव्हा प्लास्टरमधला पाय उशीवर ठेवून तो म्हणाला, "साब, सरदारजींना सोडा. ते दोन्ही हातांनी स्टिअरिंग उजवीकडे ओढत होते, मी पाहिलं. आणि चाकातून लोखंड खरवडल्यासारखा आवाज येत होता."

ज्याचा पाय मोडला तोच असं सांगतो आहे म्हटल्यावर मी परत येऊन ठाण्याची दैनंदिनी उघडली. अपघात नऊचा. ट्रक आवारात आल्याची नोंद दुपारी अडीचची. अंतर जेमतेम मैलभर. रस्ता अडतो आहे, मीच गाडी ओढून आणतो, असं मालक म्हणाला होता आणि आमच्या शिपायानं ते मान्य केलं होतं. चूक आमचीच होती.

आमचे हेड कॉन्स्टेबल पूर्वी फौजेत गाड्यांच्या दुरुस्तीवर होते. त्यांनी पंचांसमक्ष उजवं चाक उतरवलं. आतला ब्रेक ड्रम, म्हणजे चाकाबरोबर फिरणारी लोखंडी घमेल्यासारखी वाटी, कोरा करकरीत होता. त्याला आतून घासून गाडी थांबवणारे लायनर मात्र जुने होते आणि त्यांच्यावर खोल चऱ्या पडलेल्या होत्या.

मालकाच्या गाड्या ज्याच्याकडे जात, त्या मिस्त्रीला बोलावलं. पन्नाशीचा, अबोल माणूस. त्या दिवशी ट्रक आपल्याकडे आलाच नाही, असं त्यानं पहिल्याच वाक्यात सांगून टाकलं. मी वाद घातला नाही. चहा मागवला आणि ड्रम कसा बदलतात, ते मला समजावून सांगा म्हटलं.

हळूहळू तो खुलला. जॅक कुठे लावायचा, चाकाच्या मधल्या हबचा नट कसा सोडायचा, बेअरिंग पुसून ग्रीस कसं भरायचं, सगळं हातांनी दाखवत सांगू लागला. ड्रम बदलला की लायनरही बदलायचे, आणि एका बाजूचं काम केलं की दुसरी बाजू उघडून पाहायचीच, हे त्यानं दोनदा सांगितलं.

"आणि जुन्या लायनरवरच नवा ड्रम चढवला तर?"

"तसं काम मिस्त्री करत नाही, जी. ते पोटभरू करतात."

"त्या ट्रकवर तसंच केलेलं आहे."

त्यानं कप बाजूला सारला. मग तो खालच्या आवाजात म्हणाला, "वेळच दिला नाही, साब. मालक डोक्यावर उभा होता. महिन्याभरापूर्वी मी त्याला सांगितलं होतं, ड्रमला तडा गेलाय, गाडी रस्त्यावर काढू नको."

तुटका ड्रम त्यानंच वर्कशॉपमागच्या भंगारातून काढून दिला. तडा आरपार होता. पंचनामा झाला, दंडाधिकाऱ्यांपुढे त्याचा जबाब झाला, आणि पुरावा नष्ट केल्याच्या कलमाखाली मालकाला अटक झाली. मिस्त्री न्यायालयात आपल्या शब्दाला जागला. मालकाला शिक्षा झाली.

सरदारजी मालकाच्या अटकेनंतर लगेच सुटला होता. त्या दिवशी, ही बातमी द्यावी म्हणून मी रुग्णालयात गेलो. तो माझ्या आधीच पोचला होता. खाटेच्या कडेवर बसून संत्रं सोलत होता आणि एकेक फोड त्या कामगाराच्या हातावर ठेवत होता. दोघं पंजाबीत कशावर तरी हसत होते. मी दारातूनच परतलो.

पुढे नोकरीत कुणालाही चौकशीला बसवलं, की गुन्ह्याआधी मी त्याच्या कामाबद्दल विचारत असे. माणूस स्वतःविषयी सहज खोटं बोलतो; पण जन्मभर हातांनी केलेल्या कामाविषयी खोटं बोलायचं त्याच्या जिवावर येतं.