ताईच्या आवाजासाठी वालूरला

सुदामकाका दोन दिवस फोन उचलत नव्हते, म्हणून मी निघाले. उचलला असता तर कॅसेट कुरियरने मागवली असती, आणि ती वाटेत मोडणारच हेही मी आधीच ठरवून टाकलं असतं. माझं हे असंच.

झालं होतं असं. माझी ताई बारा वर्षांची असताना एका जपानी कार्टूनच्या हिंदी डबिंगमध्ये छोट्या मुलीसाठी बोलली होती. तासाभराचा विशेष भाग, टीव्हीवर एकदाच लागला. त्याची कॅसेट, सीडी कधीच बाजारात आली नाही. ताई एकोणिसाव्या वर्षी गेली. घरात तिचे फोटो ढीगभर, आवाज कुठेच नाही. गेल्या महिन्यात जुन्या कार्टूनवेड्यांच्या ग्रुपवर वालूरच्या सुदामकाकांनी लिहिलं की तो भाग त्यांनी टीव्हीवरून भरून ठेवलाय. ते पूर्वी गावात केबल चालवायचे. आईला सांगितलं तर ती नुसतं ‘बरं’ म्हणाली आणि जेवलीच नाही.

ठाण्याहून जालन्यापर्यंतचीच रेल्वे मिळाली, पुढे जिंतूरची एसटी. सेलूकडे जायचं तर देवगाव फाट्यावर उतरायचं. मी कंडक्टरला तीनदा विचारलं.

“बाई, फाटा काय पळून चाललाय का?”

फाट्यावरची भजी जरूर खा, झणझणीत असतात म्हणे. मला एकही गिळवेना. सेलूहून वालूरला काळी-पिवळी जीपने पन्नास रुपये घेतले. पुढच्या सीटवर बसू नका, तिथे चौघं कोंबतात.

काकांच्या गल्लीत शिरले. घराघराला कुलूप. एका ओट्यावर तूर पाखडत बसलेल्या बाईंना विचारलं, “सुदामकाकाही गेले का?”

“ह्ये समदे ऊसतोडीला गेलेत. सुदाम कुठं जातोय? हाय की घरात. मोबाइल हौदात पडला त्याचा.”

त्या बाईंचे पाय धरावेसे वाटले.

काकांनी आधी भाकरी आणि वांग्याची भाजी वाढली, मग व्हीसीआर काढला. पडद्यावर डोंगर आले, आगगाडी आली, लाल फ्रॉकमधली मुलगी आली. तिनं तोंड उघडलं आणि आवाज आला एका बाप्याचा, “आगं माय, गाडी गेली की!”

“हे कोण बोलतंय?”

“मीच की!” काका खूश. “माझी पोरगी लय लहान व्हती, तिला हिंदी समजंना. मंग मशीनला माईक लावला आन् समद्यांचं बोलनं मीच भरलं. गल्लीतले लेकरं बघायला यायचे.”

“आणि आधीचा आवाज?”

“त्यो पुसला जातो न.”

मला रडू फुटलं. मग काकांना सगळं सांगितलं. ते मटकन खाली बसले. “आसं कसं केलं मी,” एवढंच पुटपुटत राहिले. मग एकदम उठले.

“थांबा! हसायचं मला जमलं न्हाई. लहान पोरीवानी हसावं कसं? तेवढं तसंच ठेवलं व्हतं.”

त्यांनी कॅसेट पुढे पळवली. शेवटाकडे ती मुलगी हसली. चार सेकंद. मी मोबाइलवर दोनदा घेतलं, कारण पहिल्यात माझाच हुंदका आला.

परतीच्या वाटेवर चारठाण्याची जुनी मंदिरं बघायची ठरवली होती. तुम्ही वाकडी वाट करून नक्की बघा. मी गेले नाही. मोबाइलची बॅटरी बारा टक्के होती, आणि ती संपली की रेकॉर्डिंग पुसलं जाईल असं माझ्या डोक्यानं घेतलं होतं. नाही जात, ठाऊक आहे मला.

घरी आईनं ते चार सेकंद ऐकले. पुन्हा लावायला सांगितलं. मग मान हलवली.

“तीच आहे. पण खोटं हसतेय. पाहुण्यांपुढे अशी हसायची.”

मी पुन्हा लावायला मोबाइल उचलला.

“खरं हसू आलं की तिचा आवाजच फुटायचा नाही,” आई म्हणाली. “आठवत नाही तुला?”

आणि तिनं तसं हसून दाखवलं. तोंडावर हात, डोळे गच्च मिटलेले, खांदे गदागदा हलतायत. अगदी ताई. पार विसरले होते मी.