आमची बारकी आणि टीव्हीवरची रडणारी मुलगी

आमच्या घरात तिला सगळे बारकी म्हणतात. खरं तर घरात सगळ्यांत उंच तीच, पण धाकटी म्हणून लहानपणी चिकटलेलं नाव काही निघालं नाही. नात्यानं ती माझी नणंद. माझं लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा ती दूरच्या शहरात, स्वयंपाक शिकवणाऱ्या एका नावाजलेल्या शाळेत होती.

त्या शाळेत प्रवेश मिळणं खायचं काम नव्हतं. अख्ख्या देशातून मुलं परीक्षेला बसायची आणि घ्यायचे मूठभर. माझे सासरे न्हावी. चौकाच्या कोपऱ्यावर त्यांचं दोन खुर्च्यांचं दुकान. गिऱ्हाइकाच्या तोंडाला साबण लागला की त्याला बोलता येत नाही, आणि बाबा नेमके तेव्हाच मुलीचं कौतुक सुरू करायचे. "आमची बारकी तिथे काय करते, माहितीय का?" असं म्हणून वस्तरा हवेत धरायचे. मान हलवायचीही सोय नसायची. आरशाशेजारी तिचा उंच पांढऱ्या टोपीतला फोटो होता, म्हणजे मान वळवली तरी सुटका नाही.

त्या शाळेचा एक नियम होता. वर्षाच्या शेवटी दोघादोघांची जोडी लावायची. दोघांनी सगळ्यांसमोर, सारख्याच सामानातून काहीतरी बनवायचं. जो हरेल त्यानं त्याच दिवशी शाळा सोडायची. पुन्हा संधी नाही. दुसऱ्या वर्षी बारकीची जोडी तिच्या खोलीतल्या मैत्रिणीशीच लागली.

ती घरी आली ती भर दुपारी. दार मीच उघडलं. हातात बॅग, खांद्याला सुऱ्यांची कापडी गुंडाळी. "हरले, वहिनी," म्हणाली. बस चुकली हे सांगावं, तशी. मी विचारलं, "जेवलीस का?" ती नाही म्हणाली. मी वाढलं, तिनं खाल्लं. ताट उचललं, घासलं आणि खोलीत जाऊन झोपली.

बाबा दुकानातून आले तर पॅसेजमध्ये बॅग दिसली. तेवढ्यात ती बाहेर आली.

"आलीस?"

"आले."

"बरं."

एवढंच. बाबा हातपाय धुवायला गेले. त्यानंतर त्या शाळेचं नाव त्यांच्या तोंडून मी ऐकलं नाही. फोटो त्यांनी काढला नाही, पण कोणी विचारलंच तर "मान जरा खाली घ्या" म्हणायचे आणि मानेवर मशीन चालवायला लागायचे. मानेवर मशीन असताना कोण बोलणार? हळूहळू लोकांनी विचारणं सोडलं.

तिथे काय झालं ते मला तुकड्यातुकड्यानं कळलं, भाजी निवडताना, कपडे वाळत घालताना. परीक्षक शाळेचे मोठे सर होते. त्यांनी तिच्या ताटलीतलं एक चमचाभर खाल्लं, चमचा खाली ठेवला आणि म्हणाले, "चूक काहीच नाही. पण लक्षात राहावं असंही काही नाही." मैत्रिणीच्या ताटलीत दोन चुका निघाल्या, पण ती ताटली त्यांनी पुसून खाल्ली.

"मग तू काय म्हणालीस?" मी विचारलं.

"काय म्हणणार? खरंच होतं ते."

हे सांगताना तिच्या आवाजात कडवटपणा असता तर मला बरं वाटलं असतं. तसं काही नव्हतं. त्या वाक्यानं तिच्या आतलं काहीतरी बंद केलं होतं, आणि ते बंद झाल्याचं तिला स्वतःलाही कळलं नव्हतं, असं मला वाटतं.

मग बॅटऱ्या बनवणाऱ्या एका कारखान्याच्या कँटीनमध्ये ती लागली. बरीच वर्षं तिथेच होती. कामगारांनी कधी तक्रार केली नाही, कधी कौतुकही केलं नाही. मधल्या काळात स्थळं आली. एका मुलानं विचारलं, "तुम्हाला काय काय आवडतं?" ही म्हणाली, "तसं काही नाही." तो बिचारा चहा संपवून उठला. आमचे हे, म्हणजे तिचे दादा, वैतागून म्हणाले, "हिला चिमटा काढला तर ही विचारेल, झाला का काढून?" आम्ही हसलो. तीही हसली, सगळे हसले म्हणून.

कारखाना दुसरीकडे हलला आणि कँटीन बंद पडलं. त्याच सुमाराला कोणीतरी सांगितलं की एका स्टुडिओला स्वयंपाक येणारी बाई हवी आहे. तिथे एक ॲनिमे, म्हणजे जपानी धर्तीची कार्टून मालिका बनत होती. स्वयंपाकाची मोठी शाळा, तिथली हुशार मुलं, त्यांच्या चढाओढी, आणि हरणाऱ्यानं शाळा सोडायची. मालिकेतला प्रत्येक पदार्थ खरा बनवून चित्रकारांसमोर ठेवायचा, म्हणजे त्यांना बघून काढता येईल, असं ते काम. म्हटलं, ही नको म्हणेल. ती दुसऱ्याच दिवशी गेली. आपण कुठे शिकलो ते घरचा पत्ता सांगावा तसं सांगून टाकलं. त्यांना तर घबाडच मिळालं.

एकदा तिचं मनगट मुरगळलं, म्हणून चार दिवस मी मदतीला गेले. चौथ्या मजल्यावर पूर्वीची सामानाची खोली, तिचंच स्वयंपाकघर केलेलं. एक ओटा, एक भट्टी, आणि खिडकीपाशी गोल फिरणारं टेबल. त्याभोवती चित्रकार पेन्सिली घेऊन बसलेले. तिथलं अन्न खाण्यासाठी नव्हतंच. कोंबडी वरून सोनेरी आणि आतून कच्ची, कारण पुरती भाजली की कातडी आक्रसते. भाज्यांवर ब्रशनं तेल फिरवलेलं. ताटलीच्या मागे उकळत्या पाण्याचं भांडं लपवलेलं, वाफ दिसावी म्हणून. चित्रं काढून झाली की सगळं कचऱ्याच्या डब्यात. माझा जीव तुटायचा.

"तुला काही वाटत नाही गं?" मी विचारलं.

"इथे बरं आहे," ती म्हणाली. "कोणी चव घेत नाही."

तिसऱ्या दिवशी मालिकेचा लेखक आला. तरुण होता, चष्मा सारखा नाकावरून घसरायचा. मालिकेतल्या एका मुलीच्या हरण्याचा भाग त्याला लिहायचा होता. ओट्याला टेकून तो म्हणाला, "राग येणार नसेल तर एक विचारू? तुम्ही हरलात तेव्हा काय वाटलं?"

बारकी एका हातानं अंडी फोडत होती. थोडा वेळ तिनं खरोखर विचार केला. मग म्हणाली, "भांडी घासून जायचं की तशीच ठेवून जायचं, ते कोणी सांगितलं नव्हतं. मी घासली."

"आणि मग?"

"मग पुसली."

तो पुढच्या वाक्याची वाट पाहत उभा राहिला. पुढे वाक्य नव्हतं. मी बटाट्याच्या सालीत डोळे घालून बसले होते. शेवटी तो हळूच म्हणाला, "मी असंच लिहितो."

त्यानं लिहिलंही तसंच. पण वरच्या लोकांनी ते काढून टाकलं. भांडी घासणारी मुलगी कोण बघणार, प्रेक्षकांना रडू हवं, असं ते म्हणाले. लेखक बारकीची माफी मागायला आला होता म्हणे. "तुमचं काय चुकलं?" असं विचारून तिनं त्याला चहा दिला.

तोवर बाबांचा हात थरथरायला लागला होता, दुकान दुसऱ्याला चालवायला दिलं होतं. दिवसभर खुर्चीत बसून असायचे. मालिका सुरू झाली आणि त्यांना नाद लागला. कुस्तीचा सामना बघावा तशी बघायचे. "या पोराची सुरी बोथट आहे, तिला धार लाव म्हणावं." बारकी घरात असली तर तीही मागे खुर्ची टाकून बसायची, पण आपण बनवलेलं ताट पडद्यावर आलं तरी बोलायची नाही.

तो हरण्याचा भाग लागला त्या संध्याकाळी आम्ही सगळे होतो. चित्रातली ती मुलगी गुडघ्यांवर कोसळली. केस उडाले, कुठून तरी पाकळ्या उडाल्या, आणि ती रडायला लागली. इतकी रडली की मध्ये जाहिराती येऊन गेल्या तरी तिचं रडणं चालूच. बाबांनी रिमोट घेऊन आवाज बंद केला. पडद्यावर ती नुसतं तोंड उघडून रडत राहिली.

बाबांनी मान न वळवता विचारलं, "तू अशी रडलीस?"

"नाही."

"मग?"

"भांडी घासली आणि बस पकडली."

यांनी माझ्याकडे पाहिलं, मी जमिनीकडे.

"काय बनवलं होतंस?" बाबा म्हणाले.

"बटाट्याचं सूप. आणि ऑम्लेट."

"मी कधी विचारलंच नाही."

"मला वाटलं, तुम्हाला राग आलाय."

"राग?" बाबा आता वळले. "राग कसला? गिऱ्हाइकांना काय सांगावं, तेच मला कळेना. तुझ्याबद्दल एवढं बोलून ठेवलं होतं. मग लाज वाटायला लागली, तुझी नाही, माझ्या तोंडाची. आणि मग राहूनच गेलं."

बारकी म्हणाली, "हं." मग म्हणाली, "उद्या करू का? सूप?"

"कर."

दुसऱ्या दिवशी तिनं ते केलं. चित्रासाठी नाही, तर पुरतं शिजवलेलं. बाबांनी थरथरत्या हातानं चमचा तोंडापर्यंत नेला, निम्मं सांडलं. दोन चमचे झाल्यावर म्हणाले, "मीठ दे जरा." तिनं मीठ पुढे केलं. त्यांनी सगळं संपवलं, ऑम्लेटसुद्धा. चांगलं झालं असं काही म्हणाले नाहीत, आणि तिनंही विचारलं नाही.

नंतर मोरीपाशी मी तिला म्हटलं, "बरं वाटलं असेल ना तुला?"

"माहीत नाही, वहिनी," ती म्हणाली. "खरंच माहीत नाही. पोटात काहीतरी हललं. भूक असेल."

मालिका दोन वर्षांनी संपली. पुढच्या कामाला त्यांना खरं अन्न लागेनासं झालं, सगळं कॉम्प्युटरवरच व्हायला लागलं. आता ती नर्सिंग शिकणाऱ्या मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाक करते. मुली खातात, कोणी नाक मुरडतं, कोणी पुन्हा मागून घेतं. ती दोन्ही गोष्टी घरी येऊन सांगते, एकाच आवाजात.

आल्यावर बाबांच्या शेजारी बसते. बाबा तिला त्या शाळेचं काहीबाही विचारतात. खाटा कशा होत्या, पाणी गरम मिळायचं का, ती मैत्रीण आता कुठे असते. ती थोडक्यात उत्तर देते.

परवा पंख्यावरून दोघांचं वाजलं. बाबांना पंखा मोठा हवा होता, हिला बारीक. बाबांनी मोठा केला, हिनं उठून बारीक केला. बाबांनी पुन्हा मोठा केला. तेव्हा ती म्हणाली, "एकदा सांगितलेलं कळत नाही का तुम्हाला?" आवाज चढलेला, मान लाल झालेली. मी या घरात आल्यापासून असा आवाज तिच्या तोंडून ऐकला नव्हता. हे उठून मध्ये पडायला निघाले. मी त्यांचा हात धरून त्यांना खाली बसवलं.