कच्च्या टाक्यांची बाही

शिवणकाम करणाऱ्या ताई चाळिसाव्या वर्षी कॉलेजात जाऊ लागल्या तेव्हा गल्ली हसली, सख्खा नवराही हसला. ताईंनी कुणाला भीक घातली नाही. पण सरांनी सुडाचं एक जुनं नाटक वाचायला दिलं आणि वर सांगितलं, वाचून काय वाटलं ते दोन पानं लिहून आणा. उद्या द्यायचं होतं, म्हणून दुपारी मशीन बंद करून ताई पुस्तक घेऊन बसल्या.

पहिल्या अंकात भर दरबारात अपमान झालेला सरदार दातओठ खात निघाला, तशा ताई ओरडल्या, "शाब्बास रे वाघा!"

ओरडणारच! बारा वर्षांपूर्वी त्यांच्या मास्तरांनी, म्हणजे ज्यांच्या दुकानात त्या शिकल्या त्यांनी, एका कोटाचं माप चुकीचं घेतलं. भारी कापड वाया गेलं. मास्तरांनी गिऱ्हाइकासमोर खापर फोडलं ताईंच्या डोक्यावर, आणि उभ्या उभ्या कामावरून काढलं.

आता मास्तरांचे डोळे अधू झाले होते. आज सहा वाजता शिंप्यांच्या संघटनेत त्यांचा सत्कार होता आणि त्यासाठी कोट शिवून घ्यायला ते नेमके ताईंकडेच आले होते. कोट झकास झाला. फक्त उजवी बाही ताईंनी कच्च्या टाक्यांवर ठेवली. हे टाके कापड नुसतं जागेवर धरायला घालतात, जरा ओढलं की सुटतात. टाळ्या पडल्यावर मास्तर हात वर करणार, बाही खाली येणार आणि सगळं सभागृह खो खो हसणार. काल कोट पोचवून ताई गाणं गुणगुणत घरी आल्या होत्या.

पाचव्या अंकाच्या शेवटी रंगमंचावर सात प्रेतं पडली. सरदार त्यातच. कशातच नसलेली एक दासीसुद्धा गेली बिचारी. ताईंनी पान उलटलं, पुढे काहीच नव्हतं.

"अरे मेल्या, एवढं करून मिळवलंस काय?" त्या म्हणाल्या, आणि त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. सव्वापाच झाले होते. सुईदोरा पदरात खोचून त्या जिना दोन दोन पायऱ्या उतरल्या.

मास्तर आपल्या घरी कोट घालून खुर्चीत बसले होते. उजवा हात मांडीला चिकटवून.

"काढा तो कोट! बाही कच्ची आहे. चुकून राहिली नाही, मी मुद्दाम ठेवलीय."

"माहीत आहे," मास्तर म्हणाले. "डोळे गेले, बोटं नाही गेली. कालच कळलं."

"मग घातलात कशाला?"

"माप माझंच चुकलं होतं, पोरी. तुला सांगायला बारा वर्षं धीर झाला नाही. म्हटलं, हसू देत लोक एकदाचे."

"काही कळतं का तुम्हाला?" ताई कडाडल्या आणि तिथेच जमिनीवर बसून ढसाढसा रडल्या. रडता रडताच त्यांनी बाही पक्की केली. मास्तर टाके चाचपत होते. "टाका जरा जवळ घे," म्हणाले. सवय जाते थोडीच!

सत्कारात मास्तरांनी दोन्ही हात चांगले उंच केले. सगळ्यांत जोरात टाळ्या ताईंच्या.

घरी येऊन त्यांनी वही उघडली. छाती कशी मोकळी झाली होती. त्यांनी लिहिलं, "सर, नाटक वाचून मला फार भीती वाटली. पण माझ्या हातात अजून पाऊण तास होता."