गाठीमामा आणि दुसऱ्या गाडीचं इंजिन

आमच्या रस्त्याच्या टोकाला पत्र्याची एक शेड आहे. तिच्या एका अंगाला इंजिनं उघडी पडलेली असतात आणि दुसऱ्या अंगाला शिलाई मशीन चालतं. इंजिनांची बाजू मिस्त्रीची. शिलाई मशीन मामीचं. ती गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवते. या दोघांच्या मधे, बॅटऱ्या आणि तारांच्या पसाऱ्यात, स्टुलावर बसलेला असतो तो गाठीमामा. मिस्त्रीचा मेहुणा, मामीचा नवरा आणि सगळ्या पंचक्रोशीचा वायरमन.

त्याचं खरं नाव विचारायची आम्हाला कधी गरजच पडली नाही. तारेला गाठ मारल्याशिवाय त्याचा हात पुढे सरकत नसे, म्हणून तो गाठीमामा. गाडी कुठलीही असो, टेस्टचा दिवा लावून एकेक तार हुडकायची आणि तिचं काम कळलं की शेंड्याला गाठ मारायची. एक गाठ म्हणजे बॅटरीतून थेट आलेला कायमचा करंट. दोन गाठी म्हणजे चावी फिरवल्यावर येणारा. तीन म्हणजे स्टार्टर. नुसता सैल फास म्हणजे अर्थिंग. त्यापुढची गाठींची बाराखडी फक्त त्याच्या बोटांना येत होती.

मिस्त्री त्याला छळायची संधी सोडत नसे. "मेहुणे, गाडी जोडताय की जाळं विणताय? एखादा मासा सापडला तर आम्हालाही द्या."

मामा मान वर न करता म्हणायचा, "तुम्ही बोल्ट आवळा, दाजी. बोलणं सैल सोडू नका."

माणूस हळू, पण काम असं की त्याने जोडलेली तार गाडी भंगारात गेली तरी सुटत नसे. एवढं आमच्या रस्त्याला ठाऊक होतं आणि त्याचा आम्हाला अभिमान होता.

त्या साली मिस्त्रीच्या मुलीने, म्हणजे मामाच्या भाचीने, एक जुनी गाडी मिळवली. उंच, चौकोनी, जाड पत्र्याची. डोंगरावरच्या वस्तीला जाणारी वाट म्हणजे नुसते दगड आणि वळणं, आणि ती चढायची ताकद अशाच गाडीच्या चेसिसमध्ये असते. वस्तीतली पोरं शाळेसाठी पायी उतरत आणि पायी चढत. शाळेने भाचीला सांगितलं होतं, तपासणीत गाडी पास झाली तर पोरं आणायचं-न्यायचं काम तुझं. नाही झाली तर दुसऱ्या कुणाचं. भाचीला दुसरं काही नकोच होतं. स्टिअरिंगवर हात ठेवला की तिचा चेहरा असा उजळायचा, जणू कुणी आतून दिव्याचं बटण दाबलंय.

पण गाडीचं इंजिन मेलेलं होतं. आतलं सगळं एकमेकांना चिकटून दगड झालेलं. मिस्त्रीने कुठूनशी मागून चेचलेली एक मालवाहू व्हॅन शोधली. तिचं मागचं अंग चपटं, पण पुढचं इंजिन ठणठणीत. ते त्याने उपसलं, ते टेकवायचे पाय कापून नवे जोडले आणि या गाडीच्या पोटात बसवलं. त्या दिवशी त्याची छाती बॉनेटच्या बाहेर येत होती.

"झालं लग्न," मिस्त्री म्हणाला. "आता दोघांना बोलतं करा, मेहुणे."

बोलतं करणं हेच तर अवघड होतं. गाडी जुन्या काळची. तिला चार दिवे, एक हॉर्न आणि मूठभर जाड तारा, की झालं. इंजिन नव्या काळचं. त्याच्याबरोबर तळहाताएवढा कॉम्प्युटर आला होता आणि त्यातून निघालेला तारांचा झुबका मामीच्या वेणीहून जाड होता. कुठली तार कशाला जाते, हे ना गाडीला माहीत ना इंजिनाला. आणि एखाद्या चुकीच्या तारेत करंट गेला, तर कॉम्प्युटर जळणार. तो जळला की इंजिन म्हणजे नुसतं वजन.

मामा त्या झुबक्यापुढे आठवडाभर बसला. दिवा लाव, तार धर, पुसून घे, गाठ मार. जेवायला बोलावलं तर म्हणायचा, "थांब, ही आत्ता बोलायला लागली आहे." कधी एकटाच हसायचा. आम्ही जाता-येता डोकावायचो, तर डॅशबोर्डखालून गाठींचा घोस लोंबताना दिसायचा, आणि दर दिवशी तो वाढलेला असायचा.

तपासणीच्या आदल्या संध्याकाळी तो हात पुसत उठला आणि मामीला म्हणाला, "झालं."

दुसऱ्या दिवशी सकाळी मामा नवा फ्यूज बॉक्स आणायला बाजारात गेला. मिस्त्री गाडीखाली, भाची काचा पुसतेय. मामीने सीटची नवी कव्हरं चढवली, मागे सरून पाहिलं, आणि तिची नजर त्या घोसावर पडली. एवढी देखणी गाडी, आणि पायापाशी हे असलं फाटक्या पोत्याच्या सुतळीसारखं काहीतरी? तपासनीस वाकून बघणार, तेव्हा काय म्हणेल?

मामी खाली बसली. शिवणाऱ्या बाईची बोटं ती. एकेक गाठ सोडवली, एकेक तार सीटच्या कडेवर ओढून दोऱ्यासारखी सरळ केली, सगळ्या एकत्र धरून त्यांवर काळी टेप इतक्या सफाईने गुंडाळली, की झुबक्याची नवीकोरी छडीच झाली. फक्त शेंडे तेवढे बाहेर, झाडूच्या काड्यांसारखे सारखे कापलेले.

मामा आला, वाकला, आणि तसाच वाकलेला राहिला.

"हे कुणी केलं?"

"मी," मामी कौतुकाच्या अपेक्षेने म्हणाली. "कसं दिसतंय?"

"गाठी कुठे आहेत?"

"सोडल्या की. तुम्हीच म्हणालात ना, झालं म्हणून? आमच्या शिवणकामात झालं म्हणजे कच्चा दोरा काढून टाकायचा."

"अगं, दिवे जोडून झाले होते! इंजिनाच्या तारा ओळखून झाल्या होत्या! त्या जोडायच्या होत्या अजून!"

मामीचा हात तोंडावर गेला. मिस्त्री गाडीखालून पाठीवरच सरपटत बाहेर आला. दुपारी तपासनीस येणार होता, आणि मामाला पुन्हा सगळं हुडकायचं तर पुन्हा आठवडा.

मिस्त्री उठून बसला. "मेहुणे, त्यात एवढं काय? गाठी गेल्या तर गेल्या. रंग बघून जोडा. अख्खं जग रंग बघूनच जोडतं. इंजिनावर जी तार लाल, तीच इथे लाल."

मामाने तारांचा झाडू नुसता हातात धरला.

"अहो, बोला की!"

भाचीने टॉर्च झाडूवर मारला आणि ती मामाकडे पाहत राहिली. तिच्या डोळ्यांत ती वाट होती, ती वळणं होती, मागच्या सीटवरचा पोरांचा कलकलाट होता. मामाने तो टॉर्च हलकेच खाली केला.

"मला रंग दिसत नाहीत, दाजी. पिवळा दिसतो, निळा दिसतो. लाल आणि हिरवा मला एकच. वाळल्या गवतासारखा. जन्मापासून."

भाचीने टॉर्च बंद केला.

मिस्त्री म्हणाला, "म्हणजे इतकी वर्षं माझ्या गाड्या..."

"गाठींवर."

मिस्त्री विचारात पडला. ओठ हलवत त्याने जुन्या गाड्या आठवल्या, एक एक. मग मांडीवर थाप मारली. "एकही जळाली नाही! अहो, माझे डोळे धडधाकट, तरी मी स्वतःच्या घरचा पंखा जाळलाय. मग तोंड कशाला पाडलंय? आधी सांगितलं असतंत, तर मी..."

"तर तुम्ही जन्मभर चिडवलं असतंत."

"ते तर आता चिडवणारच," मिस्त्री म्हणाला, आणि भाची खुदकन हसली.

मामी मात्र हसली नाही. ती म्हणाली, "मला ठाऊक होतं."

मामाने मान वळवली. "काय?"

"लग्न झालं त्याच वर्षी. लाल रीळ मागितलं, तुम्ही हिरवं दिलंत. मी म्हटलं, चुकून. पुन्हा मागितलं, पुन्हा हिरवं. तेव्हापासून मी लाल रिळाच्या कागदाचा कोपरा फाडून ठेवते. कोपरा फाटलेलं रीळ द्या, असं कुणाची बायको सांगते का हो?"

"मला वाटलं, तुझी काहीतरी खूण असेल."

"खूणच होती. तुमच्यासाठी." मग तिने मोकळ्या तारांकडे पाहिलं. "पण गाठी त्याच्यासाठी आहेत, हे मेलं माझ्या डोक्यातच आलं नाही. मला वाटलं, तुमचा चाळा आहे."

मामाने स्टूल ओढलं, ते तिच्यासाठी बॉनेटपाशी ठेवलं, आणि म्हणाला, "चढ. रंग तू सांग, काम मी सांगतो."

तिथून पुढे जे झालं, ते बघायला आमचा अर्धा रस्ता शेडच्या दारात गोळा झाला होता, आणि त्यात मीही होतो.

मामा इंजिनावर हात फिरवायचा आणि बोट थांबवायचा. "हा स्टार्टर. इथून निघालेली?"

"काळी. मधून लाल रेघ."

"पोरी, तुझ्या झाडूत काळी-लाल?"

भाची डॅशबोर्डखालून ओरडायची, "सापडली!"

मामा धावत आत. सोलली, पिळली, टेप. पुन्हा धावत बाहेर. हा माणूस धावू शकतो, हे आम्हाला त्या दिवशी कळलं.

"हा तापमानाचा. इथली?"

"हिरवी. पण ही आपली साधी हिरवी नाही हं, कोवळ्या पानाची."

"बाई, मला पान आणि फांदी सारखंच! पोरीला सांग!"

"कोवळ्या पानाची हिरवी!"

"दोन आहेत मामी!"

"बारीक असेल ती!"

"सापडली!"

मिस्त्री फ्यूज बॉक्सचे स्क्रू पिळत होता आणि मधूनमधून उगाच ओरडत होता, "चला, चला!" मामीने तर रंगांना काय काय नावं दिली! एक तार भिजल्या विटेची, एक कावळ्याच्या पंखाच्या आतल्या बाजूची, एक मिस्त्रीच्या जुन्या शर्टाची. कापड निवडत आयुष्य गेलेली बाई. तिच्या डोळ्यांतून एक छटा सुटली नाही. गाडीकडच्या तारा मामाने जाडीवरून ओळखल्या. झाडूची एक एक काडी कमी होत गेली आणि शेवटची तार जोडून तो सरळ झाला, तेव्हा पाठ धरून.

"मार सेल," मिस्त्री म्हणाला.

भाचीने चावी फिरवली. घुर्र, घुर्र, घुर्र. इंजिन फिरलं, पण पेटलं नाही. पुन्हा. घुर्र, घुर्र. दारातल्या सगळ्यांनी श्वास धरला आणि सगळ्यांनी एकदम सोडला.

मामा डोळे मिटून उभा होता. "बंद कर. आता नुसती चावी फिरव, सेल नको." त्याने टाकीला कान लावला. "पंप गुणगुणत नाही. पेट्रोल येतच नाही. पंपाची तार कुठली धरली?"

"तपकिरी," मामी म्हणाली. "इथे तपकिरीच आहे."

"इथे तपकिरी दोन होत्या," भाची म्हणाली. "दुसरी अजून मोकळीच आहे."

मामी स्टुलावरून उतरली. पदराचं टोक रॉकेलमध्ये बुडवलं आणि पंपाची तार खसाखसा पुसली. वर्षांचं तेल निघालं, आणि तपकिरीखालून एक केसाएवढी गुलाबी रेघ उमटली. मग ती वाकून आत शिरली आणि दुसरी मोकळी तार पुसली. तिथेही तीच रेघ.

"हे घ्या," ती म्हणाली. "लबाड कुठली. तोंड काळं करून बसली होती."

मामाने तार बदलली. भाचीने चावी फिरवली, आणि टाकीतून बारीकसं ऊंऊं आलं. मामाचा चेहरा फुलला. "बोलली! मार!"

एक घुर्र पुरा व्हायच्या आत इंजिन धडाडलं. पत्रे थरथरले. मामीच्या मशीनवरची रिळं टपाटप खाली पडली. दारातली माणसं ओरडली, टाळ्या पडल्या, कुणीतरी कुणाच्या तरी पाठीत उगाच गुद्दा घातला. मिस्त्रीने मेहुण्याला उचललंच. जड होता, म्हणून लगेच खालीही ठेवलं.

तपासनीस आला तेव्हा इंजिन मांजरासारखं घुरघुरत होतं. शांत माणूस होता. दिवे बघितले, वायपर बघितले, हॉर्न वाजवला, डॅशबोर्डखाली वाकला. काळी टेप बघून म्हणाला, "हे काम फार नीटनेटकं आहे. कुणाचं?"

मामा आणि मामी दोघांनी एकमेकांकडे बोट दाखवलं.

"मुलं उद्यापासून चढवा," तपासनीस म्हणाला, आणि शिक्का मारला.

भाचीला उद्यापर्यंत कुठला धीर! बापाला शेजारी बसवून तिने त्याच संध्याकाळी गाडी डोंगराच्या वाटेला लावली. आम्ही सगळे रस्त्यावर उभे. गाडी दगडांवरून डुलत वर निघाली. जुनं अंग, नवा जीव. पहिल्या वळणापाशी तिचा वेग कमी झाला.

मामाने डोळे बारीक केले. "अगं, ब्रेकचा दिवा लागला का?"

"लागला."

"दोन्ही?"

"दोन्ही."

मग हळूच, आम्हाला ऐकू जाऊ नये अशा आवाजात, मामाने विचारलं, "लाल आहे ना?"

मामीने डोंगराकडे पाहिलं. "लालभडक," ती म्हणाली.

गाडी वळण घेऊन दिसेनाशी झाली, तरी मामा त्या वळणाकडेच बघत होता.