कोंडीराम फिटर आणि बसलेली गाडी

चाकणजवळच्या त्या गावात नुसतं कोंडीराम म्हटलं तर लोक विचारायचे, "कुठला?" पण कोंडीराम फिटर म्हटलं की शाळकरी पोरसुद्धा घर दाखवायचं. कुणाची मोटार अडली, कुणाचा ट्रॅक्टर काळा धूर ओकू लागला, की माणसं त्याच्या ओट्यावर यायची. कोंडीराम मान तिरकी करून इंजिनाचा आवाज ऐकायचा, मिशीवरून बोट फिरवायचा आणि सांगायचा, "शोरूमला न्या. आतलं काम हाय." हा सल्ला सहसा चुकत नसे.

खरी गोष्ट अशी, की कोंडीरामनं उभ्या जन्मात कंपनीचा एक बोल्टही आवळला नव्हता. बस बांधणाऱ्या ज्या कंपनीत त्यानं सगळी नोकरी काढली, तिथं तो कँटीनला होता. आधी ताटं विसळायला, मग पोळ्या लाटायला आणि शेवटची वर्षं भटारखान्याचा मुख्य. बायकोच्या, ठकुबाईच्या, घरी सोयरीक ठरत होती तेव्हा तिच्या बापानं विचारलं, "पोरगा काय करतो?" कोंडीरामच्या चुलत्यानं, आबाजीनं, बेधडक सांगून टाकलं, "बसगाड्यांच्या हवेच्या सस्पेन्शनला फिटर हाय." शेतकऱ्याचं पोरगं लोकांची खरकटी काढतं हे सांगायला आबाजीची जीभ रेटली नाही. कोंडीराम शेजारीच हातात चहाची बशी धरून बसला होता. तो बोलला नाही. त्या दिवशी एकदाच गप्प बसला, पण पुढं ते गप्प बसणं रोज निभवावं लागलं. निळा शर्ट घालून घर सोडायचं, कंपनीत पोचल्यावर पांढरा अंगरखा चढवायचा आणि परतताना पुन्हा निळा शर्ट.

ठकुबाईला पहिल्याच वर्षी कळलं. फिटरच्या कपड्यांना ग्रीस लागतं. हिच्या नवऱ्याच्या बनियनला फोडणीचा वास आणि हळदीचे डाग. ती काही बोलली नाही. तिला कळलंय हे कोंडीरामलाही कळलं, आणि तोही काही बोलला नाही. संसार झाला, पोरींची लग्नं झाली, निवृत्तीचा नारळ घेऊन तो घरी बसला. आता हे असंच जमिनीत जाणार, अशी त्याची समजूत झाली होती.

तेवढ्यात नानासाहेबांनी ती गाडी आणली.

नानासाहेब गावातलं बडं प्रस्थ. त्यांची आई आक्काबाई नव्वदीला टेकलेली. खुब्याचं हाड मोडल्यापासून तिला बसवत नव्हतं. तिची एकच इच्छा होती, बार्शीला धाकटी बहीण कौशल्याबाई होती तिला एकदा भेटायचं. जीपमध्ये आडवं घालून न्यावं तर प्रत्येक खड्ड्याला म्हातारी कळवळायची. म्हणून नानासाहेबांनी शोधून शोधून एक जुनी मोटारहोम घेतली. चाळीसएक वर्षांपूर्वी परदेशात बनलेली, कुणा हौशी माणसाच्या वारसांनी विकायला काढलेली. आत पलंग, छोटी शेगडी, मोरी, खिडक्यांना पडदे. तिचा मागचा भार लोखंडी पाट्यांच्या स्प्रिंगवर नव्हता, हवेनं भरलेल्या रबरी फुग्यांवर होता. त्यामुळं आतल्या माणसाला खड्डा जाणवत नसे. फुगे भरायला खाली एक छोटा कंप्रेसर बसवलेला होता.

गाडी आली त्या दिवशी सगळा गाव बघायला लोटला. दुसऱ्या दिवशी सकाळी बघतात तर म्हैस मागच्या पायांवर बसावी तशी गाडी बसलेली. कंप्रेसर घरघरत होता, पण गाडी काही उठेना. विकणाऱ्यानं फोनवर सांगितलं, तळवड्यात विजयश्रीताई म्हणून आहेत, हवेची जुनी कामं त्याच करतात, त्यांना दाखवा.

नानासाहेब हसले. चारचौघांत कोंडीरामच्या खांद्यावर हात टाकून म्हणाले, "दारात गंगा वाहतीय आन् आमी तांब्या घिऊन तळवड्याला जायाचं व्हय? सस्पेन्शन म्हंजे आमच्या फिटरसाहेबांचा हातखंडा."

नाही म्हणायला तेवढा एक क्षण होता. कोंडीराम म्हणाला, "बघू की."

तो गाडीखाली सरपटला. वर सगळी माणसं वाकून बघत उभी. खाली त्याला नळ्या दिसल्या, वायरी दिसल्या, आणि कशाचा कशाला मेळ लागेना. पण इतकी वर्षं त्यानं लाइनवरच्या पोरांना जेवण वाढलं होतं, आणि जेवताना ती पोरं कामाचंच बोलायची. त्यातलं एक वाक्य त्याला आठवलं. बाहेर येऊन हात झटकत म्हणाला, "कंप्रेसर गेलाय. बदलावा लागंल."

भोसरीत जुन्या पार्टच्या दुकानातून त्यानं एक कंप्रेसर पैदा केला. आतल्या खोलीत दार लावून, चष्मा चढवून मोबाइलवरचे व्हिडिओ पुन्हा पुन्हा पाहिले. आणि नवल म्हणजे, तो कंप्रेसर त्यानं बसवला. बटण दाबताच फुस्स आवाज करत गाडीचा मागचा भाग हळूहळू उठला. कुणीतरी नारळ फोडला. आक्काबाईची खाट अंगणातच होती. ती म्हणाली, "कोंडीबा, तुझ्या हाताला यश हाय रं बाबा." कोंडीरामला भरून आलं. त्या घडीला आपण खरंच फिटर आहोत असं त्याला वाटलं.

सकाळी निघायचं ठरलं. संध्याकाळी कोंडीराम सहज चक्कर मारायला गेला तर गाडी चार बोटं खाली आलेली. कंप्रेसर मधेच सुरू व्हायचा, थोड्या वेळानं आपोआप बंद पडायचा. कोंडीरामला वाटलं, हा थांबतो म्हणून गाडी बसते. थांबलाच नाही तर बसणार नाही. त्यानं मधला स्विच काढला आणि वायर सरळ जोडून दिली.

सकाळी नानासाहेबांच्या ड्रायव्हरला जळका वास आला. त्यानं धावत जाऊन बॅटरीची तार ओढली म्हणून बरं. कंप्रेसर जळून कोळसा झाला होता, शेजारची नळी वितळली होती आणि हातभर अंतरावर शेगडीचा गॅस सिलिंडर होता. आक्काबाईला नवं लुगडं नेसवून, केस विंचरून तयार ठेवलेलं होतं.

"कसं काय झालं हे, भाऊ?" नानासाहेबांनी विचारलं.

"पार्ट डुप्लिकेट निघाला," कोंडीराम म्हणाला. "ओरिजिनल भायेरदेशातनं मागवाया पायजे. मी बघतो. येळ लागंल."

त्यानं काहीही मागवलं नाही. कुठून आणि काय मागवायचं हेच त्याला ठाऊक नव्हतं. नानासाहेबांच्या अंगणावरून जाताना आक्काबाई हाक मारायची, "कोंडीबा, आला का रं पार्ट?" तो म्हणायचा, "येतोय, आक्का." पुढं पुढं तो मागच्या बोळानं जाऊ लागला. गणपती बसले, उठले. सुरुवातीला बार्शीहून रोज फोन यायचा, आक्का निघाली का म्हणून. मग तो कमी झाला. कौशल्याबाई गॅस चालू ठेवून विसरतात, मुलाला भावाच्या नावानं हाका मारतात, असं सून सांगू लागली. हे सगळं गावात कानोकान कळायचं, आणि कोंडीरामच्या कानावरही यायचं.

ठकुबाई एक दिवस ताट वाढता वाढता थांबली. "अवं, त्या म्हातारीला किती वाट बघाया लावनार? तळवड्याच्या बाईला बोलवा."

"आन् नानासाहेबाला काय सांगू?"

"काय बी सांगा. तुमाला सांगता येतं की."

एवढ्या वर्षांत ती या विषयावर पहिल्यांदाच बोलली होती. कोंडीराम ताटावरून उठला आणि नानासाहेबांकडे गेला. पण तिथंही खरं काही निघालं नाही. "ऑर्डर अडकलीय," तो म्हणाला. "त्या ताईंना बोलवून घ्या."

विजयश्रीताई टेम्पो घेऊन आल्या. चाळिशीच्या, केस घट्ट बांधलेले, पायात जाड बूट. त्यांनी आधी गाडीखाली आधाराला लोखंडी घोड्या लावल्या, फुग्यांत बाहेरून हवा भरली आणि साबणाचं पाणी मारलं. एका फुग्याच्या घडीतून बारीक बुडबुडे येऊ लागले.

"कंप्रेसरचा दोष मोठा नव्हताच," त्या खालूनच म्हणाल्या. "फुग्याला चीर गेलीये. तो बिचारा भरत राहिला, हवा जात राहिली." मग त्यांचा आवाज बदलला. "ही वायर डायरेक्ट कुणी केली? इथं सिलिंडर आहे. अख्खी गाडी पेटली असती."

नानासाहेब अवघडले. "आमचे कोंडीरामभाऊ हायत. मोठ्या बस कंपनीत सस्पेन्शनला फिटर हुते." त्यांनी कंपनीचं नावही सांगितलं.

विजयश्रीताई बाहेर आल्या. "मी तिथंच अप्रेंटिस होते. सस्पेन्शनच्याच लाइनला." त्यांनी कोंडीरामकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा एकदम फुलला. "अहो, कोंडीकाका! कँटीनचे कोंडीकाका ना तुम्ही? काका, मी विजू! सेकंड शिफ्टला आम्ही तिघीच मुली होतो. लाइनवरून सुटेपर्यंत जेवण संपलेलं असायचं. तुम्ही आमची ताटं झाकून ठेवायचात. नोकरी सोडून घरी पळायच्या बेतात होते मी. तुमच्या त्या गरम आमटीनं टिकले."

अंगणात पाचदहा माणसं होती. कोंडीरामबद्दल इतकं चांगलं आजवर कुणीच बोललं नव्हतं. त्याला त्या तिघी आठवत होत्या, विजूला तिखट चालत नसे हेसुद्धा आठवत होतं. त्यानं जमिनीकडे बघितलं.

"न्हाई ताई," तो म्हणाला. "तुमचा घोळ हुतोय. त्यो दुसरा कोनतरी असंल."

 विजयश्रीताईंनी फडक्याला हात पुसले. "असेल," त्या म्हणाल्या. "बरीच वर्षं झाली." आणि पुन्हा गाडीखाली गेल्या. त्यानंतर त्यांनी त्याला काका म्हटलं नाही आणि वायरीचा विषयही काढला नाही.

मागचे दोन्ही फुगे, कंप्रेसर आणि नळ्या नव्या आल्या. गाडी उठली ती उठलीच. बार्शीला निघताना नानासाहेबांनी कोंडीरामला बरोबर घेतलं; वाटेत काही झालं तर गाडीचा माणूस हवा म्हणून. तो ड्रायव्हरशेजारी बसला. मागं आक्काबाई पलंगावर पडून खिडकीतून उसाचे मळे बघत होती. "पानी हालत न्हाई बघ तांब्यातलं," असं दोनदा म्हणाली.

बार्शीला कौशल्याबाई दारातच बसल्या होत्या. आक्काबाईला उचलून त्यांच्यासमोर बाजेवर ठेवलं. आक्काबाईनं बहिणीचा हात धरला. "कौशे, मी आले गं."

कौशल्याबाईंनी हात सोडवून घेतला. शहाण्यासारख्या, आदबीनं म्हणाल्या, "बसा बाई, पानी घ्या. आमची आक्का यायची हाय. तिचीच वाट बघतीय मी."

सून पदर तोंडाला लावून म्हणाली, "गणपतीपर्यंत ओळखत होत्या हो. फोनवर तुमचा आवाज आला की हसायच्या."

कोंडीराम दाराशी तांब्या घेऊन उभा होता. तो तांब्या खाली ठेवून गाडीमागं गेला. नानासाहेबही डोळे पुसत तिकडंच आले. तेव्हा कोंडीराम बोलला. कुठलाही पार्ट मागवला नव्हता, वायर त्यानंच जोडली होती, तो कँटीनला होता, आणि विजयश्रीताई म्हणाल्या ते अक्षर न् अक्षर खरं होतं.

नानासाहेबांनी दाराकडे बोट केलं. "मला नगा सांगू," ते म्हणाले. "आत जावा. तिला सांगा."

तो आत गेला. बाजेच्या कडेला उकिडवा बसून त्यानं पुन्हा सगळं सांगितलं. या वेळी जास्त वेळ लागला.

आक्काबाई म्हणाली, "कँटीनला हुतास तर हुतास. चार मानसं जिवू घातलीस. त्यात काय चोरी हुती रं?" मग थांबून म्हणाली, "पन माझी कौशी माझ्या आधीच निघून गेली की, कोंडीबा."

ती त्याला एक शब्दही वावगा बोलली नाही. तिनं फक्त तोंड भिंतीकडे केलं. शिवी दिली असती, कानाखाली मारली असती, तर कोंडीरामला उभं राहता आलं असतं.

 ते परतायच्या आत ड्रायव्हरच्या फोनवरून गावात बातमी पोचली होती. काही जण हसले, काहींना वाईट वाटलं, आणि बऱ्याच जणांना एवढं काय त्यात, असंच वाटलं. ओट्यावर येणारी माणसं मात्र थांबली.

आठवड्यानं तो तळवड्याला गेला. विजयश्रीताई एक कंप्रेसर उघडून बसल्या होत्या. तो दारातूनच म्हणाला, "ताई, त्यो मीच."

"माहीत आहे, काका." त्यांनी स्टूल पुढं सरकवलं. "मला त्या दिवशी एकच वाटत राहिलं. मी एवढं काय वाईट बोलले?"

"वाईट न्हाई, ताई. तसं मला कुनी कदी बोललंच न्हवतं." तो स्टुलावर बसला नाही. चहा सांगते म्हणाल्या, तर नको म्हणून निघाला.

दिवाळीनंतर नानासाहेब आईला घेऊन पुन्हा बार्शीला गेले. या खेपेला कोंडीरामला कुणी बोलावलं नाही, आणि त्याचीही तशी अपेक्षा नव्हती. परत आल्यावर आक्काबाईनं ठकुबाईला बोलावून सगळं सांगितलं. संध्याकाळी ठकुबाई शेजारणीशी ओट्यावर बसून तेच सांगत होती. कौशल्याबाईंनी ओळखलं नाहीच, पण आक्काबाईचा हात हातात घेऊन निजल्या, दुपारभर सोडला नाही. आक्काबाईचा हात मुंग्या येऊन बधिर झाला, तरी तिनं तो काढून घेतला नाही.

"आता नानासाहेब आक्काला धाडतील म्हनं महिन्याला एकदा," ठकुबाई म्हणाली.

कोंडीराम आतल्या खोलीत पाठ टेकून ऐकत होता. शेजारीण गेली, ठकुबाईनं दिवा लावला, जेवायला हाक मारली. तो पटकन उठला नाही.