बाहेरचा स्क्रू

विश्रामबागेतला आमचा रेडिओ मेकॅनिक मीटरचा काटा बघताना श्वास रोखायचा आणि गिऱ्हाइकालाही रोखायला लावायचा. माझ्या दुकानाच्या लाल एलईडी पाटीचा करंट त्यानं पाटीमागच्या डब्यातल्या बारक्या स्क्रूनं जुळवला आणि त्यावर बायकोच्या नेलपॉलिशचा थेंब टाकला. "आता ह्याला हात लावायचा न्हाई."

"उजेड कमी वाटतोय," मी कुरकुरलो.

"मालक, लय उजेड मागितला की दिवं जळत्यात." तरी त्यानं डब्याच्या बाहेर दुसरा स्क्रू बसवून दिला. मी तो रोज जरासा फिरवायचो आणि पाटी झळकायची.

चार वर्षांनी डबा उघडला, तर बाहेरच्या स्क्रूला आतून काहीच जोडलेलं नव्हतं. मी तणतणत त्याच्याकडे गेलो.

"पर एक तरी दिवा जळला का?"

संध्याकाळी पाटी लावताना सवयीनं स्क्रू फिरवला. उजेड वाढलाच.